घोडबंदर रोडला वन बीएचके आहे, घरात 3 वर्षांचा लॅब्रेडोर. आता मांजर आणतोय. दोघांचं जमेल का?

जमेल, पण पहिल्याच दिवशी समोरासमोर आणू नका. आधी बाल्कनी-खिडक्यांना जाळी मारा. घाबरलेली मांजर कितव्याही मजल्यावरून उडी घेते.

पहिला आठवडा मांजर बेडरूममध्ये, दार बंद. तिचं पाणी, खाणं, लिटर ट्रे (शी-शूसाठी वाळूचा ट्रे) आतच. एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे ठेवून वासाची ओळख होऊ द्या. जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना द्या. दोघांपैकी कोणी न खाता निघून गेलं, तर भांडी दारापासून लांब सरकवा.

दोघं शांतपणे खायला लागले की भेट घडवा. कुत्रा आधी फिरवून दमवलेला, पट्ट्यात. मांजर मोकळी, चढायला कपाटाचा माथा रिकामा. 5-10 मिनिटं पुरेत. कुत्र्याकडे नीट बघा: तोंड मिटलं, अंग ताठ झालं, नजर हलेना, तर तो झेपावण्याच्या बेतात आहे. ओरडू नका, खाऊ दाखवून वळवा. मांजर पळाली की पाठलाग सुरू होतो आणि त्याची चटक लागते, म्हणून पट्टा काही आठवडे राहू द्या. दोघांना एकत्र, एकटं सोडून बाहेर तर जाऊच नका.

मांजरीचं खाणं उंचावर ठेवा, कुत्रा फस्त करतो.

आणि कृपा करून हे विसरू नका: कुत्र्याच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजरीला ते जीवघेणं ठरतं, नुसतं अंगाला अंग घासूनही. लेबल वाचा, डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं सांगा.