परिसीमन, पुनर्रचना आणि ‘सोयीची’ प्रभागरचना

कराडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: मतदारसंघांच्या सीमा आखण्याला बातम्यांत कधी ‘परिसीमन’ म्हणतात, कधी ‘पुनर्रचना’, आणि नगरपालिकेच्या वेळी ‘प्रभागरचना’. हे एकच का? आणि एखाद्या पक्षाच्या फायद्यासाठी सीमा वाकवण्याला, म्हणजे जेरीमँडरिंगला, मराठी शब्द आहे का?

काम एकच, पातळी वेगळी. लोकसभा-विधानसभेच्या सीमा केंद्राचा आयोग ठरवतो, त्याचं कागदोपत्री नाव परिसीमन आयोग. बोलताना मात्र आपण ‘२००८ची पुनर्रचना’ म्हणतो. तिच्यात कराडचा लोकसभा मतदारसंघ गेला, भिलवडी-वांगी जाऊन पलूस-कडेगाव आला, आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा लोकसभेला हातकणंगल्यात गेले. खाली आलं की शब्द बदलतात. जिल्हा परिषदेचा गट, त्याच्या पोटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणून ‘गट-गण रचना’. शहरात प्रभाग.

मला विचाराल तर ‘पुनर्रचना’च बरा. ‘परिसीमा’ आपल्याकडे छळाची होते, नाहीतर निर्लज्जपणाची. त्यामुळे ‘परिसीमन’ कानाला जरा अडतो. (संस्कृत संधी काटेकोर पाळायचा तर निर् + रोग = नीरोग, तसं पुनर् + रचना = ‘पुनारचना’ व्हायला हवं. पण ते कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये.)

आता जेरीमँडरिंग. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला फायदेशीर सीमांच्या कायद्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला, म्हणून बोस्टनच्या वर्तमानपत्रानं गेरीचं नाव त्या प्राण्याला जोडून टाकलं. असा शब्द उचलून आणण्यात अर्थ नाही. आपल्याला ना गेरी ठाऊक, ना सॅलमँडर.

आणि गरजही नाही. प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली की सांगली-मिरजेत काय ऐकू येतं? ‘वॉर्ड फोडला’, ‘आमची गल्ली तोडून पलीकडं टाकली’. गटांच्या वेळी ‘गाव तोडलं’. शासकीय भाषेत सीमा ‘निश्चित करण्यात येतात’, कर्ता गायब. लोकांच्या ‘फोडला’मध्ये कर्ता उच्चारला नाही तरी फोडणारा कुणीतरी आहे, हे पक्कं असतं. ‘वॉर्ड फुटला’ असंही कुणी म्हणतं, पण तो बहुधा ज्याला त्या फुटीचा त्रास नाही असा माणूस.

नाम हवं असेल तर वर्तमानपत्रांनी रुळवलेलं ‘सोयीची प्रभागरचना’ घ्या. यातली गंमत बघा. २००२च्या परिसीमन कायद्यात सीमा आखण्याचे जे निकष आहेत, म्हणजे प्रदेश शक्यतो आटोपशीर असावा, नदी-डोंगर, प्रशासकीय हद्दी आणि दळणवळण बघावं, त्यांतला शेवटचा निकष लोकांची सोय हाच आहे. कोयनेपलीकडच्या गावाला मतदारसंघ बदलून देताना नदी बघायची ती याचसाठी. म्हणजे ‘सोय’ कायद्यातही आहे आणि टीकेतही. फरक विभक्तीनं पडतो: ‘लोकांच्या सोयीची’ म्हटलं की निकष झाला, नुसतं ‘सोयीची’ म्हटलं की आरोप. कुणाच्या सोयीची हे सांगितलं नाही, तर मराठी माणूस सत्ताधाऱ्यांच्या असं धरूनच चालतो.

तुम्ही ‘निष्पक्ष परिसीमन’ असंही लिहिलंय. चूक नाही, पण हिंदी वळणाचं वाटतं. मराठीत ‘निःपक्षपाती पुनर्रचना’ म्हणा. ‘पक्षनिरपेक्ष’ वेगळा: पक्षाचा विचारच न करणं. आयोगावर खासदार-आमदार सहयोगी सदस्य असतात, त्यांना मताचा अधिकार नसतो, पण ते पक्षाचेच असतात. त्यामुळे आयोगाकडून अपेक्षा निःपक्षपातीपणाची ठेवता येते. पक्षनिरपेक्ष फक्त जनगणनेचा आकडा.