काकू, तुम्ही परत का याल?

"आईला इकडे आणायचंय, पण व्हिसाच्या मुलाखतीत ती घाबरेल. तिची तयारी करून घ्याल का?" असा फोन मला वर्षातून बऱ्याचदा येतो. बोलणारा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते आणि आई इकडे रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या घरात. वकिलातीतल्या मुलाखतीच्या खिडकीपुढे आई गडबडेल आणि नकार येईल, हीच सगळ्यांची काळजी. त्या सगळ्यांसाठी एका मायलेकांची हकिगत लिहिते आहे. दोघांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा न्यू जर्सीत. आई सदुसष्ट वर्षांची, रत्नागिरीजवळच्या गावात साठेक हापूस कलमांची बाग सांभाळणारी. यजमान जाऊन तीन वर्षं झालेली. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर बावीस प्रश्न आणि त्यांची इंग्रजी उत्तरं पाठवली होती. काकू ती पाठ करून आल्या होत्या. मांडीवर जाडजूड फाइल: मुलाच्या पगाराच्या पावत्या, त्याचं बँकेचं स्टेटमेंट, घराचे कागद, निमंत्रणपत्र. दोन उत्तरं धडाधड म्हणून झाली आणि तिसऱ्याला त्या अडखळल्या.

मी फाइल बाजूला ठेवली. "काकू, तुम्हाला जायचंय का?"

"न जाऊन कसं चालेल? त्यानं एवढं केलंय."

मी विचारलं होतं एक आणि उत्तर आलं होतं दुसऱ्याच प्रश्नाचं. भीती ज्याच्या तोंडी दिसते ती त्याच्या एकट्याचीच असते, असं मी मानत नाही. घरात कुणी कुणाशी न बोललेली एखादी गोष्ट एका माणसाच्या घशात अडकते, आणि बाकीचे त्यालाच धीट व्हायला सांगत राहतात. म्हणून मी मुलाखतीचा सराव थांबवला आणि पुढच्या वेळी मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं.

अर्जाचा मसुदा त्याच्यासमोर उघडा होता. किती दिवस राहणार, या रकान्यात त्याने सहा महिने लिहिले होते. काकूंनी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, पदराचं टोक मात्र बोटाला गुंडाळत राहिल्या. मी मुलाला दहा मिनिटं फोन ठेवायला सांगितलं.

"काकू, आता मी अधिकारी. तुम्ही परत का याल?"

"का म्हणजे?" त्या जवळजवळ रागावल्याच. "गणपती कोण बसवणार घरात? मे संपेपर्यंत आंबा, मग पावसाआधीची आगोटीची कामं, जूनमध्ये कलमांना खत. तेवढं गडी करेल, पण मोहोराच्या दिवसांत फवारणीला मी उभी नसले तर बाग हातची जाईल. माझं घर आहे, शेजार आहे. दोन-अडीच महिने नातवंडाजवळ राहीन मी. सहा महिने त्या बंद घरात काय करू?" आणि मग हळूच, "पण हे त्याला कसं सांगू? त्याला वाटेल, आईला आपल्याकडे राहायचंच नाही."

मुलाखतीत हवं होतं ते उत्तर हेच, आणि मुलाचं मन दुखेल म्हणून त्या तेच गिळून बसल्या होत्या. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच येतो आहे असं आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे अर्जदाराने स्वतः पटवून द्यायचं असतं. बहुतेक नकार याच कलमाखाली येतात. म्हणून मुलाचा पगार कितीही असला तरी तो आईच्या परत येण्याचा पुरावा होत नाही. तिची बाग, तिचं घर, तिचे सण हा पुरावा, आणि तो तिच्याच तोंडून यायला हवा. इतकी वर्षं हे काम करताना मला पुन्हा पुन्हा दिसलं आहे की आईवडील जे मुलांपासून लपवतात, तेच बऱ्याचदा त्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं असतं.

मुलगा परत जोडला गेला तेव्हा काकूंनी हेच त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. "मला वाटलं, बाबा गेल्यावर तुला तिथे एकटं वाटतं."

"वाटतं की. म्हणून येतेय ना. पण घर सोडायला नाही येत, बाळा."

त्या दिवशी दोघंही रडले, आणि मी त्यांना रडू दिलं.

त्यानंतरची तयारी सोपी होती. मुक्काम अडीच महिने लिहिला. अर्जात लिहिलेलं आणि खिडकीपुढे बोललेलं एकच असलं पाहिजे. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज इंग्रजीत भरायचा असतो. पान वीसेक मिनिटं तसंच राहिलं की सत्र संपतं, म्हणून अर्ज क्रमांक आधी वहीत उतरवून घ्या. मुलाने भरून दिला तर 'मदत कुणी केली' या प्रश्नाला त्याचंच नाव द्या. आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं; पासपोर्टवर एक, सातबाऱ्यावर दुसरं. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा आणि माहेरचं नाव 'इतर नावं' या रकान्यात भरा. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून.

अर्जाचं शुल्क १८५ डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही. नकारावर अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करता येतो. मात्र काहीच न बदलता लगेच केला तर उत्तरही बहुधा तेच येतं. बोटांचे ठसे आणि मुलाखत या वेगवेगळ्या भेटी असतात, त्यामुळे मुंबईत मुक्कामाची सोय ठेवा. काकू तुतारी एक्स्प्रेसने एक दिवस आधीच दादरला उतरल्या. रात्रभर प्रवास करून थेट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या रांगेत आईला उभं करू नका. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर कुणाकडे द्यायचा ते आधी ठरवा. आणि मुंबईच्या वकिलातीत मराठीत बोलता येतं. हे कळल्यावर काकूंचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा आपल्या भाषेतली दोन सरळ वाक्यं बरी. "मुलाला विचारा" हे मात्र कधीच म्हणू नका.

मुलाखत चार-पाच मिनिटांत आटोपली. फाइल कुणी उघडून पाहिली नाही. परत कधी येणार, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "गणपतीच्या आधी." आणि घरातल्या गणपतीबद्दल दोन वाक्यं जास्तच बोलल्या.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही. विमानतळावरचा अधिकारी किती दिवस देतो, ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि तीच पाळायची. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवायच्या. आरोग्य विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात येतात का, ते वाचून घ्यायचं. ताजा हापूस सामानातून नेता येत नाही, हे ऐकून काकूंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी आंबापोळी करायला घेतली, आणि ती तिथे उतरल्यावर कस्टम्सला सांगायची हे मुलाने लिहून पाठवलं. परतीचं तिकीट दोघांनी फोनवर एकत्र बसून काढलं, गणेश चतुर्थीच्या दहा दिवस आधीचं.