फ्रेडरिक्टनला यायचंच असेल तर

अकोल्यातून एम.एस्सी. (कृषी), प्रबंध गुलाबी बोंडअळीवर, आणि आता कॅनडात जंगलातल्या किडींवर पीएचडी करायचीय. शेतीवाल्यांना तिकडे घेतात का, असं तुम्ही विचारलंत. घेतात. मीही त्याच वाटेनं न्यू ब्रन्सविकला आले; फ्रेडरिक्टन ही या प्रांताची राजधानी.

फक्त इथे प्रश्नच बदलतो. आपण कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं नर ओढणाऱ्या) पतंग मोजतो ते फवारणी कधी करायची हे ठरवायला. इथली मुख्य कीड स्प्रूस बडवर्म, सूचिपर्णी झाडांची पालवी खाणारी एका पतंगाची अळी. नाव स्प्रूस झाडाचं, पण जास्त फडशा पाडते बाल्सम फर या दुसऱ्या झाडाचा. तिचा उद्रेक साधारण ३० ते ४० वर्षांनी येतो. म्हणजे संशोधकाच्या अख्ख्या नोकरीत एकच चक्र पाहायला मिळणार. म्हणून इथे जुन्या नोंदींना सोन्याचा भाव. १९४०च्या दशकात याच प्रांतातल्या ग्रीन रिव्हर भागात सुरू झालेल्या मोजणीचे आकडे पुन्हा तपासून टी. रोयामा या संशोधकानं १९८४च्या निबंधात मांडलं, की मोठा चढउतार ठरतो तो अळ्या वाढत असताना किती मरतात त्यावर. त्यात परोपजीवी कीटकांचा, म्हणजे अळीच्या अंगावर वाढून तिला मारणाऱ्यांचा, वाटा मोठा. पतंगांची ये-जा वर्षावर्षाचे छोटे हेलकावे देते. तो निबंध येण्याआधी वाचाच. समीकरणं डोक्यावरून जातील. माझ्या दोनदा गेली.

रोजचं काम मात्र रटाळ. फांद्या कापून आणायच्या, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवायच्या, म्हणजे थंडीत दडून बसलेल्या दुसऱ्या अवस्थेतल्या अळ्या सुटतात. मग मायक्रोस्कोपखाली मोजायच्या. शून्य, शून्य, एक, शून्य. त्या शून्यांवरच सगळं चालतं: २०१४ पासून या प्रांतात अळ्या वाढू लागलेले पट्टे हेरून तेवढ्यावरच फवारतात. बीटी, म्हणजे अळ्या मारणारा तो जिवाणू, इथेही भेटेल, पण बियाण्यात नाही, विमानाच्या टाकीत.

अर्ज विद्यापीठाला नंतर, आधी प्राध्यापकाला मेल. त्यांच्या अनुदानात पैसा असेल तरच जागा निघते. मेलमध्ये ‘कीटकांची लहानपणापासून आवड’ कृपा करून लिहू नका. स्वतःच्या आकड्यांचं ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काय केलंत ते लिहा. चारचाकी नीट चालवायला शिकून या. मला येत नव्हती, तर पहिला उन्हाळा दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर काढला, वर काळ्या माश्यांनी फोडून काढलं ते वेगळंच.

नोकरीचं घरी आत्ताच सांगून ठेवा. सरकारी संशोधकांच्या जागा मोजक्या, भरतीत नागरिक आणि कायम रहिवाशांना प्राधान्य, आणि प्रांत द्विभाषिक असल्यानं फ्रेंच येणाऱ्याचं पारडं जड. माझं फ्रेंच अजून दुकानात दूध मागण्यापुरतंच आहे.

आणि एक, तुमच्या विभागात आधीच्या हंगामांचे सापळ्यांचे आकडे कुठल्या कपाटात पडले असतील तर निघण्याआधी रीतसर परवानगीनं त्यांची प्रत मागून घ्या. सलग आठ-दहा वर्षांचे निघाले, तर मेल पाठवण्याआधी मला दाखवा.