'उसिरु बिडि' म्हणताना

प्रश्न : मी निपाणीची, वय 47. वीस वर्षं बिड्या वळल्या. आता चार वर्षं योगासनं करते. शिकवावंसं वाटतं, पण कन्नड तोडकं आणि मांडी घालून बसलं की गुडघे धरतात. जमेल का?

उत्तर : ताई, मी बेळगावच्या वडगावची. घरात माग, दिवसभर खटखट. पहिला वर्ग घेतला तो शेजारच्या गच्चीवर, सहाजणी आल्या, त्यातल्या चौघी कन्नड. 'श्वास सोडा'ला 'उसिरु बिडि' म्हणतात एवढं पाठ करून गेले होते. पहिल्यांदा म्हटलं, तर तुमच्या निपाणीकडची एकजण दचकून म्हणाली, "अगं बया, इथंपण बिडी?" सगळ्याच हसल्या. हसताना श्वास आपोआप पुरता सुटला, माझाही!

भाषेचं मनावर घेऊ नका. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि त्यांना मराठी येत नव्हतं.

गुडघ्यांचं मात्र डॉक्टरांना दाखवा. तोवर वज्रासन नको. मांडी घालताना दोन घड्यांची चादर बुडाखाली घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते आणि ताण कमी होतो. तरीही दुखलं तर सरळ खुर्ची. मी स्वतः पाय मुरगळल्यावर दोन महिने खुर्चीवरूनच शिकवलं. उलट तेव्हाच म्हाताऱ्या बायका जास्त यायला लागल्या.

शिकवण्याआधी चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली वर्षभर तरी मदतनीस म्हणून राहा. पंधरा दिवसांच्या सर्टिफिकेटवर माझा विश्वास नाही.