माठ तोच, मग पाणी गार का होत नाही?

प्रश्न : नागपूरला माठातलं पाणी ऐन मे महिन्यातही गारेगार असायचं. मुंबईत तसाच लाल माठ घेतला, तर पाणी जेमतेम निवतं. आणि दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या माठात तर अजिबातच गार होत नाही. माठ खराब निघाले का?

उत्तर : आधी दोन्ही माठांच्या पोटावरून हात फिरवून पाहा. नवा माठ ओलसर लागत असेल, खाली थेंब साचत असतील, तर त्यात काहीच खोट नाही. अडचण मुंबईच्या हवेची आहे.

भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं आणि तिथे त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, ती बरीचशी माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते. दहा लिटरच्या माठातून २०० ग्रॅम पाणी उडालं, तर उरलेलं पाणी हिशेबाने ११-१२ अंशांनी उतरायला हवं. बाहेरची उष्णता आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी उतरतं.

पण वाफ सामावून घ्यायला हवा कोरडी लागते. नागपूरला ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाणी फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ही मर्यादा २९ अंशांच्या आसपास येते. म्हणजे मुंबईचा उन्हाळा सौम्य असूनही पाणी कमी गार! माठ खिडकीच्या वाऱ्यात, सावलीत, तिवईवर ठेवा. बूडही वाऱ्याला लागलं पाहिजे. पाणी लवकर निवेल, मात्र त्या मर्यादेखाली जाणार नाही.

जुना माठ बाहेरून कोरडा ठणठणीत लागत असेल, तर त्याची छिद्रं बुजली आहेत. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. माठावर पांढरट पापुद्रा दिसतो तो हाच. बोअरच्या जड पाण्याने हे लवकर होतं. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी काथ्याने बाहेरून घासा. साबण नको, तो छिद्रांत मुरतो आणि पाण्याला वास येतो. तरीही पाझर सुटला नाही, तर नवा माठ घ्या. ऑइलपेंटने रंगवलेला मात्र घेऊ नका, रंगाखाली छिद्रं पहिल्या दिवसापासूनच बंद असतात.