वाचक विचारतात: सिस्टर निर्मलांना 'मदर' का म्हणत नाहीत?

प्रश्न: मी म्हापशाची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टरची बदली झाली की आम्ही रडायचो आणि ती मात्र एका बॅगेत सगळं भरून हसत निघून जायची. परवा मुलीने विचारलं की मदर तेरेसांनंतर कोण, मी सिस्टर निर्मला म्हणाले, तर ती म्हणते मग त्या मदर निर्मला का नाहीत? आणि त्या मूळच्या हिंदू होत्या हे खरं का?

उत्तर: ताई, हो खरं आहे. मूळ नाव कुसुम जोशी, 1934 साली रांचीत जन्म, घर नेपाळी ब्राह्मणाचं, वडील लष्करात. शिकायला मात्र मिशनऱ्यांच्या शाळेत, नंतर राज्यशास्त्रात एम.ए., कायद्याचीही पदवी. फाळणीच्या वेळच्या दंगली बघितल्या, नंतर मदर तेरेसांच्या कामाबद्दल ऐकलं आणि 1958 मध्ये बाप्तिस्मा घेऊन मदरच्याच मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेत गेल्या. त्या काळात ब्राह्मण घरातल्या शिकलेल्या मुलीने हे करायचं म्हणजे काय ते आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

पुढे पनामात काम केलं, आणि 1976 ला न्यूयॉर्कमध्ये संस्थेची चिंतनाची शाखा सुरू झाली तिच्या पहिल्या प्रमुख त्याच. या शाखेतल्या सिस्टर दिवसाचा बराचसा वेळ प्रार्थनेत घालवतात पण दार बंद करून बसत नाहीत, थोडा वेळ बाहेर लोकांमध्येही जातात. आपल्या जुन्या गोव्याच्या सांता मोनिकात 17व्या शतकात नन्स भिंतीआड राहायच्या तसं ते नव्हे. मला वाटतं त्यांचा शांतपणा इथेच तयार झाला असणार.

आता संस्थेच्या प्रमुखाची निवडणूक. लोकांना वाटतं मदरनी वारस नेमला, तसं नाही, जगभरातून निवडून आलेल्या सिस्टर कोलकात्यात जमतात, त्याला जनरल चॅप्टर म्हणतात, आणि तिथे गुप्त मतदान होतं, मुदत सहा वर्षांची. 1990 मध्ये मदरना तब्येतीमुळे पद सोडायचं होतं पण सिस्टरनी पुन्हा त्यांनाच निवडलं! 1997 ला मात्र मदर फारच आजारी होत्या, 13 मार्चला सिस्टर निर्मला निवडून आल्या आणि सहा महिन्यांच्या आत, 5 सप्टेंबरला मदर गेल्या. म्हणजे एवढी मोठी संस्था, जगाच्या नजरा, आणि तुलना कोणाशी तर मदर तेरेसांशी, विचार करा किती जड गेलं असेल.

आणि मुलीचा प्रश्न, तो फार छान आहे. निवडून आल्यावर त्यांनी 'मदर' ही पदवी घेतलीच नाही. मदर एकच, आपण सिस्टरच राहणार, आणि तसंच बारा वर्षं, 2009 पर्यंत दोन मुदती संस्था चालवली, त्याच वर्षी पद्मविभूषणही मिळालं. नंतर सिस्टर प्रेमा आल्या, त्या मूळच्या जर्मन, आणि 2022 पासून सिस्टर जोसेफ, केरळच्या. त्याही सिस्टरच.

सिस्टर निर्मला पद सोडल्यावर पुन्हा साध्या सिस्टर झाल्या, 2015 च्या जूनमध्ये कोलकात्यात वारल्या. मुलीला सांगा, तुमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर एक बॅग घेऊन निघायच्या ना, हे त्यातलंच.