आईचे गुडघे आणि ऑरलँडोचे दहा दिवस

«काकू, नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो. माहेर प्रतापनगर, सासर महाल, म्हणजे पक्के नागपूरकर. माझे आई-बाबा एप्रिलमध्ये आले, सहा महिने आहेत. जूनमध्ये आम्हाला दहा दिवसांची सुट्टी आहे. नवरा म्हणून राहिला की फ्लोरिडाहून क्रूझ करू, आई-बाबांना आराम मिळेल. मुलगा ८ वर्षांचा, त्याला थीम पार्कशिवाय दुसरं काही दिसून नाही राहिलं. मुलगी अडीच वर्षांची. पाच दिवस बोट आणि पाच दिवस पार्क असं अर्धं-अर्धं केलं तर कोणी नाराज होणार नाही ना? आईला विचारलं तर म्हणते, तुम्ही म्हणाल तसं.»

पोरी, तुझ्या पत्रातलं खरं उत्तर शेवटच्या वाक्यात आहे. नागपूरची कोणतीही आई लेकीच्या घरी गेली की «तुम्ही म्हणाल तसं» म्हणते. त्याचा अर्थ होकार असा कधीच नसतो. तिला काय झेपेल हे तिलाच नीट माहीत नसतं, आणि तुमचा खर्च वाया जायला नको एवढं मात्र पक्कं माहीत असतं. म्हणून तिला «कुठे जायचं» असं विचारू नकोस. «सीताबर्डीच्या मेन रोडवर किती वेळ उभी राहू शकतेस?» असं विचार. चालणं वेगळं, उभं राहणं वेगळं. बाबा रोज अंबाझरीला फिरायला जात असतील, तरी पाऊण तास रांगेत इंच-इंच सरकताना गुडघे जे बोलतात ते फिरताना बोलत नाहीत. आणि पार्कात सकाळपासून रात्रीपर्यंत राहिलं की १० किलोमीटर चालणं सहज होतं.

पण वाटणी करण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट काढून टेबलावर ठेव. तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात ते तू लिहिलं नाहीस. एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) असेल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर बोटीचा विचार इथेच थांबव. खूप जणांना वाटतं, तीन दिवस बहामाला जाऊन परत यायचं, त्यात काय. शिक्का संपलेला असताना कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची जी सूट असते, ती एच-१बी आणि एच-४ वाल्यांना बहामासाठी लागू होत नाही. म्हणजे पोरं अमेरिकन नागरिक म्हणून आत आणि आई-बाप बंदरावर, अशी गत व्हायची. «मग फक्त अमेरिकेतच फिरणारी बोट घेऊ» असंही म्हणू नकोस. या मोठ्या जहाजांवर परदेशी झेंडा असतो आणि १८८६ च्या एका कायद्यामुळे त्यांना वाटेत परदेशी बंदर गाठावंच लागतं. कंपनीचं स्वतःचं बेट, कोको के म्हण की कॅस्टवे के, तेही बहामातच येतं. आई-बाबांचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही पाहून घे. बहुतेकांचा दहा वर्षांचा तसाच असतो, पण डोळ्यांनी पाहिलेलं बरं. शंका असेल तर ऑफिसच्या वकिलाला विचार, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. आणि बहामात उतरायला भारतीय पासपोर्टवाल्यांना काय कागद लागतील, ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घे.

कागद ठीक असतील असं धरून पुढे बोलते.

अर्धं-अर्धं करू नकोस. पार्क आधी, बोट शेवटी, आणि दोन्हीच्या मध्ये श्वास घ्यायला जागा. हे मी उलटं करून शिकले. आम्ही मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्याने आधी बोट ठरवली होती. सकाळी नऊला बोटीवरून उतरलो आणि «दिवस फुकट कशाला घालवायचा» म्हणून बॅगांसकट थेट पार्क. यांनी एका झाडाखाली बाक धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. मी नातवासोबत दोन झुले केले, मग मीही बाकावर. बोटीवरचे चार दिवस इतके सुखाचे गेले होते, पण परत आल्यावर शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं की हे फक्त त्या बाकाबद्दलच सांगत. म्हणून म्हणते, दमवणारं आधी, विसाव्याचं नंतर.

फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हेरल बंदरातून सुटणाऱ्या छोट्या बोटींची एक रीत आहे. साधारणपणे तीन रात्रींच्या शुक्रवारी निघून सोमवारी परततात आणि चार रात्रींच्या सोमवारी निघून शुक्रवारी. तुमच्याकडे दहा दिवस आहेत, तर शनिवारी ऑरलँडोला, म्हणजे थीम पार्कांच्या गावी पोहोचा आणि पुढच्या शुक्रवारी बोट पकडा. ऑरलँडोहून बंदर गाडीने तासाभराचं. सोमवारी सकाळी उतरलात की थेट विमानतळ, पण दुपारनंतरचं विमान घ्या.

आता मधले दिवस. रविवारी डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम पार्क, अगदी सकाळी. तिथली किलिमांजारो सफारी आई-बाबांसाठी उत्तम आहे. उघड्या ट्रकमध्ये बसून वीसेक मिनिटं हत्ती, जिराफ, सिंह पाहायचे, बस. महाराजांच्या पडक्या महालाचा देखावा करून तिथे वाघही ठेवलेत. बाबा हसतील. पेंच घरापासून दोन तासांवर असलेल्या माणसाने डॉलर मोजून वाघ पाहायचा म्हणजे गंमतच. पण नातवाला «तुझ्या नागपूरला असेच असतात» हे सांगायची संधी त्यांना तिथेच मिळेल. दुपारी बाराला बाहेर.

बारा का म्हणते, ते ऐक. नागपूरचा माणूस उन्हाची फुशारकी मारतो. मे महिन्यात ४५-४६ सोसलेलं असतं, फ्लोरिडाचं ३३ ऐकून तो हसतो. तिथेच फसतो. आपलं ऊन कोरडं. कूलर लावला, कांदा खाल्ला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला की निभतं, कारण घाम वाळतो. तिथली हवा समुद्राची, ओली. घाम अंगावर तसाच राहतो आणि शरीर थंडच होत नाही. बाबांना बीपीची गोळी असेल तर जास्तच जपा. त्यात जूनपासून जवळपास रोज दुपारी ढग येतात, विजा कडाडतात आणि वीज जवळ आली की उघड्यावरचे झुले बंद. म्हणजे दुपार तशीही वायाच. ती हॉटेलच्या खोलीत झोपून घालवा.

सोमवारी मॅजिक किंगडम. १९७१ साली उघडलेलं, फ्लोरिडातलं डिस्नेचं हे पहिलं पार्क, आणि छोटीसाठी सगळ्यात चांगलं. तिला तिकीटही लागणार नाही, ३ वर्षांखालच्या मुलांना फुकट. मुलाचं ३ ते ९ वयाच्या दरात. १० पूर्ण झाले की मोठ्यांचं तिकीट, तेव्हा पुढच्या वेळेची वाट पाहत बसू नकोस. मोठ्या झुल्यांना उंचीची अट असते, स्पेस माउंटनला ४४ इंच. मुलाची उंची घरीच भिंतीला लावून मोज. गेटवर जाऊन नाही म्हटलं की पोर दिवसभर फुरंगटून बसतं. तुम्ही दोघं आळीपाळीने त्याच्यासोबत बसू शकता. रायडर स्विच मागितलं की छोटीला सांभाळणाऱ्याला परत रांग लावावी लागत नाही. आई-बाबांना कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये बसवून द्या. एसीत वीस मिनिटं, नाट्यगृहच गोल फिरतं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेसाठी केलेला खेळ आहे, एकेका काळातलं घर आणि घरातली यंत्रं दाखवतात. आईला त्यातलं स्वयंपाकघर आवडेल.

आणि व्हीलचेअर. ती पार्काच्या दारातच भाड्याने मिळते. आई «मला काय झालंय» म्हणेल. वाद घालू नकोस. घे, त्यात पाण्याच्या बाटल्या आणि डबा ठेव आणि ढकलत ने. अकरा वाजता ती आपणहून बसेल.

डबा म्हटलं, कारण डिस्नेच्या पार्कांमध्ये घरचं खाणं नेऊ देतात, काचेची बाटली आणि दारू सोडून. दशम्या ने, कोरडी चटणी ने. बोटीवर याच्या बरोबर उलटं. घरी केलेलं बहुतेक बोटींवर चालत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीटच चालतं. म्हणजे आईच्या हातची सांबारवडी पार्कात आणि विकतचा चिवडा बोटीवर.

मंगळवारी काही नाही. खरंच काही नाही. तरणतलाव, वरण-भात, झोप. हा दिवस तुझा नवरा कापायला पाहील, त्याला हा परिच्छेद दाखव.

बुधवारी बाप-लेकाला एकटं सोडा, युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्सला. मे २०२५ मध्ये उघडलेलं नवं पार्क, निन्टेंडोची अख्खी दुनिया आहे त्यात. ८ वर्षांच्या पोराला यापेक्षा मोठा दिवस नाही, आणि मागे कोणी दमलंय ही बोच नसल्याने बापालाही मजा येईल. तुम्ही बाकीचे हॉटेलवरच राहा.

गुरुवार मात्र बाबांचा. बंदराच्या वाटेवरच नासाचं केनेडी स्पेस सेंटर आहे. पार्काच्या तिकिटांवर आणखी एक दिवस घालवण्याऐवजी तिथे जा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ तिथे आडवं ठेवलंय, त्याच्या खालून चालत जाता येतं. अटलांटिस हे शटल, जे २०११ मध्ये शेवटचं उडालं, तेही समोर लटकलेलं दिसतं. त्याच इमारतीत अपघातात गेलेल्या चॅलेंजर आणि कोलंबिया या यानांच्या अंतराळवीरांचं स्मारक आहे. कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी ठेवल्या आहेत. १ फेब्रुवारी २००३ ला त्या यानात आपली कल्पना चावला होती. मुलाला आधी तिची गोष्ट सांगून ठेव. आमचे हे तिथे बराच वेळ काही न बोलता उभे होते, आणि त्या दिवशी त्यांनी बाक मागितला नाही. रात्री बंदराजवळच राहा. बोट कोणासाठी थांबत नाही. म्हणून विमानाने येणाऱ्यांनीही त्याच दिवशी येऊन चढायचं धाडस करू नये.

बोटीवर गेल्यावर फार नियोजन नको. जोडून असलेल्या दोन खोल्या घ्या, मधलं दार उघडणाऱ्या. शक्यतो बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर. तिथे हेलकावा कमी लागतो, पण लिफ्ट जवळ हवी. आपल्या लोकांना समुद्राची सवय नाही, फुटाळा तलावाच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नाही, तेव्हा ओकारीची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवा. आलेपाकही चालतो. मुलांचे क्लब बहुतेक ठिकाणी ३ वर्षांपुढच्या आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे छोटी तुमच्याजवळच राहील. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी वेटरला परत सांगा. बऱ्याच बोटींवर भारतीय मुलं काम करतात. त्यातला एखादा मराठी निघाला की आईची सुट्टी तिथेच वसूल.

वाटेत बहामाची राजधानी नसाऊ लागली तर तिथे उतरलंच पाहिजे असं नाही. सगळे उतरले की बोट रिकामी होते, तरणतलावाशी खुर्ची मिळते. तुम्ही मुलाला घेऊन दोन तास फिरून या, आई-बाबांना वर राहू द्या. खाण्याआधी हात साबणानेच धुवा. बोटीवर उलट्या-जुलाबांचा जो विषाणू पसरतो, त्यावर सॅनिटायझर फारसं काम करत नाही.

पैशाचं थोडक्यात. बोटीचं जेवण भाड्यात असतं, पण टिप माणशी आणि रोजची बिलात लागते, अडीच वर्षांच्या पोरीचंही भाडं पडतं, वाय-फाय वेगळं. पार्कात पार्किंग वेगळं, रांग टाळायची तर लाइटनिंग लेन वेगळी. फोन बोटीत पाऊल टाकताच एअरप्लेन मोडवर. यांनी समुद्रातून धाकट्या भावाला «कसा आहेस» विचारायला फोन लावला होता, त्या महिन्याचं बिल पाहून मुलगा दोन दिवस काही बोलला नाही. आई-बाबांचा प्रवासी विमा अमेरिकेबाहेर आणि बोटीवर चालतो का, ते पॉलिसीत वाच. बोटीवरचा दवाखाना पैसे जागच्या जागी घेतो आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर खर्चाला अंत नाही. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा मोसम असतो. खरा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर, तरी कप्तान बेट बदलू शकतो हे मुलाला आधीच सांगून ठेव.

एवढं सगळं जमत नसेल, पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर बोट घे आणि पार्काचा एकच दिवस ठेव. पार्क आणखी पंधरा वर्षं तिथेच राहतील, पोरगा मित्रांसोबत जाईल. रात्रीच्या जेवणाला तीन पिढ्या एका टेबलाशी, आणि कोणाला उठून पोळ्या लाटायच्या नाहीत, असं तुझ्या आईच्या वाट्याला पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

आणि हो, बोटीवर इस्त्री, पाणी उकळायची किटली, हीटरचा रॉड नेऊ देत नाहीत, चढतानाच काढून घेतात. गरम पाणी बुफेवर मिळतं, चहाची पूड आणि सीलबंद दूध पावडर सोबत ठेव. पण प्लास्टिकचा मग मात्र बॅगेत आठवणीने टाक. कशासाठी ते बाबा विचारणार नाहीत.